इंजिन खोलण्याआधी हत्यारे जमवा

कल्याण-मुरबाड रस्ता शहाडवरून जातो. तो सोडून आतल्या गावांकडे वळले की पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धूळ. ही धूळ एअर फिल्टरमधून आत शिरली की रिंगा आणि सिलिंडर झिजतात, मग गाडी ओढत नाही. यामाहा आरएक्स १००चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, पण अशा जुन्या टू-स्ट्रोक गाड्या अजून फिरतात. त्यांचे इंजिन घरीही खोलता येते. मात्र छिन्नी-हातोडीने नव्हे.

रिंग पाने, टी-पाने, सर्कलिपची पक्कड, मॅग्नेट पुलर, क्लच होल्डर, फिलर गेज आणि टॉर्क पाना एवढे आधी जमवावे. मॅग्नेट ठोकून काढला तर क्रँक बिघडतो. पुलरचे पैसे वाचतात, क्रँकचे जातात!

पिस्टन काढताना क्रँककेसचे तोंड स्वच्छ फडक्याने झाकावे. सर्कलिप आत पडली, तर सगळे इंजिन खोलणे आले. नवी रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट फिलर गेजने मोजावी. गाडीच्या पुस्तकातल्या मापापेक्षा ती जास्त भरली, तर सिलिंडर झिजला समजा. मग मोठ्या मापाचा पिस्टन आधी घ्यावा आणि त्याच्या मापाने लेथवाल्याकडून बोअर करून आणावा. हे काम घरचे नव्हे.

सुटे भाग डिझेलने धुवावेत. पेट्रोल नको, भडका उडतो. आणि भातपेरणीच्या तोंडावर इंजिन खोलून बसू नये, उन्हाळ्यातच उरकावे.