वेलीसारखे बांबू : रूप आणि वर्गीकरण

भोपाळच्या आसपासच्या पानझडी जंगलांत आढळणारा बांबू म्हणजे डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. 'स्ट्रिक्टस' या लॅटिन शब्दाचा अर्थच ताठ, सरळ. त्यामुळे बांबू म्हटले की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर उभी काठी येते. परंतु काही बांबू इतर झाडांच्या आधाराने चढतात. त्यांचा वेगळा गट मानावा काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अंदमानच्या वर्षावनातील डायनोक्लोआ हे याचे ठळक उदाहरण. त्याचे खोड पेरापेराशी वळून नागमोडी होते. द्राक्षवेलीसारखे तणावे त्याला नसतात. खोडावरील आवरणपर्णांचा खडबडीत तळ आधाराला धरून राहतो. शेंडा मोडल्यास पेरावरील सुप्त कळी वाढते व खोडाची जागा घेते. बहुतेक बांबूंचे फळ गव्हासारखा कोरडा दाणा असते. याचे फळ मात्र मांसल असते.

दुसरे उदाहरण श्रीलंका व दक्षिण सह्याद्रीतील. झाडांवर रेलत वाढणाऱ्या एका बांबूला थ्वेट्स यांनी १८६४ मध्ये डेंड्रोकॅलॅमस प्रजातीत, म्हणजे आपल्या ताठ बांबूच्याच गटात ठेवले. मन्रो यांनी १८६८ मध्ये त्याला ऑक्सिटेनँथेरात नेले. १९८८ मध्ये सॉडरस्ट्रॉम व एलिस यांनी त्यासाठी सूडोक्सिटेनँथेरा ही प्रजाती निर्माण केली. या फेरबदलांत चढण्याची सवय गौण होती. पुंकेसरांचे तंतू सुटे की नळीसारखे जुळलेले, अशी फुलांतील लक्षणे महत्त्वाची ठरली. कोकणात शेतबांधावर लावला जाणारा सरळ माणगाही अनेक अभ्यासक याच प्रजातीत ठेवतात.

तात्पर्य, चढणे हे रूप आहे, नाते नव्हे. बांबूच्या वेगवेगळ्या शाखांत ते स्वतंत्रपणे आले आहे. अनेक बांबू कित्येक वर्षांनी एकदाच फुलतात, म्हणून आवरणपर्णे, फांद्या आणि आता डीएनए यांचाही आधार घ्यावा लागतो.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. तृणकुलातील बांबू १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात 'झाड' या व्याख्येत होता. २०१७ च्या दुरुस्तीने तो वगळला, तेव्हा शेतात बांबू लावणाऱ्याची तोड-वाहतुकीच्या परवान्याची अडचण दूर करण्याचा मार्ग खुला झाला. म्हणून अध्यापकांनी वर्गात 'रूप' आणि 'नाते' असे दोन स्वतंत्र रकाने करून नोंदी घ्यायला लावाव्यात.