शेवळं कुठं उगवतात, हे तुम्हाला कसं कळतं?

कामं आटोपली का? नसतील आटोपली तरी हरकत नाही, भाजी निवडता निवडता ऐका.

आज सुरुवातीलाच एक प्रश्न. पहिला पाऊस पडला की शेवळं कुठं शोधायची, हे तुम्हाला कोण सांगतं? कुणीच नाही. पाय आपोआप तिकडं वळतात.

माझी एक आत्या होती. तिचं सासर माहेरापासून दोन डोंगर पलीकडं. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात कुणाला न विचारता ती टोपली घेऊन निघाली आणि शेवळं घेऊन परत आली. येताना काकडंसुद्धा आणली, कारण काकडं घातल्याशिवाय शेवळांची खाज जात नाही. सासूनं विचारलं, "तुला जागा कुणी दाखवली गं?" आत्या म्हणाली, "दाखवायला कशाला पाहिजे? माहेरी जसली जागा असते, तसली इथं शोधली."

हे वाक्य ध्यानात ठेवा. जगभरातले शास्त्रज्ञ आज मोठमोठ्या संगणकांवर जे काम करतात, ते मुळात एवढंच आहे. त्याला 'प्रजाती वितरण प्रारूप' असं अवघड नाव आहे. आपण त्याला साधं नाव देऊ, 'वस्तीचा अंदाज-नकाशा'. कुठला प्राणी, पक्षी किंवा झाड कुठं नांदू शकेल, याचा हा अंदाज.

हा नकाशा तयार कसा होतो?

पहिल्यांदा नोंदी गोळा करतात. अमुक पक्षी अमुक ठिकाणी, अमुक तारखेला दिसला. अशी प्रत्येक नोंद म्हणजे नकाशावरचा एक ठिपका. मग त्या जागांची माहिती घेतात. पाऊस किती पडतो, उन्हाळ्यात किती तापतं, समुद्रापासून उंची किती, झाडी दाट आहे की विरळ. यातलं बरंचसं उपग्रहावरून आणि हवामानाच्या नोंदींतून मिळतं.

पुढचं काम संगणकाचं. तो सगळ्या मुलखाचे बारीक बारीक चौकोन पाडतो. ठिपके असलेल्या जागा कशा आहेत ते शिकतो आणि मग प्रत्येक चौकोन तपासतो. ही जागा तसलीच आहे का? थोडीशी तशी आहे? की अजिबात नाही? त्याप्रमाणे चौकोनाला रंग देतो. गडद रंग म्हणजे जागा मानवेल, फिका म्हणजे अवघड.

संगणकाची परीक्षाही घेतात. समजा शंभर ठिपके आहेत. त्यातले पंचाहत्तर त्याला दाखवायचे आणि पंचवीस लपवून ठेवायचे. नकाशा तयार झाला, की लपवलेले ठिपके गडद भागात पडतात का ते बघायचं. पडले तर अंदाज बरा, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

घोयऱ्यांची गोष्ट

आफ्रिकेच्या पूर्वेला समुद्रात मादागास्कर नावाचं मोठं बेट आहे, आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. रंग बदलणारा सरडा, ज्याला आपण घोयरा किंवा सरडगुहिरा म्हणतो, त्याच्या जगातल्या जवळपास निम्म्या जाती एकट्या या बेटावर आहेत.

ख्रिस्तोफर रॅक्सवर्दी या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथल्या घोयऱ्यांच्या अकरा जाती निवडल्या. त्या कुठं कुठं सापडल्या होत्या याच्या नोंदी संग्रहालयात होत्या. त्यावरून अंदाज-नकाशे केले. तेव्हा एक गंमत दिसली. काही भागांत नकाशा म्हणत होता, "इथं हे घोयरे असायला हवेत." पण त्या भागात त्यांची एकही नोंद नव्हती.

आपण काय म्हटलं असतं? संगणक चुकला. त्यांनी तसं म्हटलं नाही. ते त्या भागांत गेले आणि शोधलं. तिथं ते ओळखीचे घोयरे नव्हते. होत्या त्या घोयऱ्यांच्या सात नव्याच जाती, विज्ञानाला तोवर ठाऊक नसलेल्या. जागा तसलीच होती, फक्त तिथं दुसरी भावकी नांदत होती. हे संशोधन २००३ साली प्रसिद्ध झालं.

पाहिलंत? अंदाज चुकला तरी फुकट गेला नाही. कुठं जाऊन बघायचं, ते त्यानं सांगितलं. एवढ्या मोठ्या बेटावर पावलापावलानं शोधायला किती पिढ्या लागल्या असत्या!

आता आपल्या सह्याद्रीकडं येऊ

मलबारी राखी धनेश तुमच्यापैकी काहीजणींनी पाहिला असेल. मोठी चोच, कर्कश हसल्यासारखा आवाज. अंडी घालायच्या वेळी मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते, ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि फक्त एक फट ठेवते. त्या फटीतून नर तिला फळं भरवतो. हा पक्षी सह्याद्री सोडून जगात कुठंच नाही.

धोक्यात असलेल्या जीवांची एक जागतिक यादी असते, तिला लाल यादी म्हणतात. कुठला पक्षी किती मुलखात राहतो, यावर त्याचा धोका बऱ्याच अंशी ठरतो. मुलूख मोठा तर काळजी कमी. पण हे मुलूख पूर्वी नकाशावर ढोबळ रेघ मारून ठरवलेले असत. त्या रेघेच्या आत जंगलाबरोबर शेतंही आली, गावंही आली, शहरंही आली. जुनी ढोली लागणारा पक्षी शहरात कुठून राहणार?

२०१७ साली विजय रमेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फक्त पश्चिम घाटातच राहणाऱ्या अठरा पक्ष्यांचे नवे अंदाज-नकाशे प्रसिद्ध केले. ठिपके कुणाचे होते माहीत आहे? साध्या हौशी माणसांचे. पक्षी बघायला जाणाऱ्या लोकांनी स्वतःहून नोंदवलेले. त्यातून दिसलं, की अठरापैकी सतरा पक्ष्यांचा मुलूख यादीत धरला होता त्यापेक्षा लहान आहे, आणि निदान दहा पक्ष्यांचा धोका वरच्या पायरीवर न्यायला हवा. पुढं २०२० साली मलबारी राखी धनेशाची नोंद 'चिंता नाही' या गटातून 'संकटाच्या वाटेवर' असलेल्या गटात गेली.

म्हणजे कागदावर सगळं बरं चाललं होतं आणि प्रत्यक्षात पक्ष्याचं घर कमी होत होतं.

नकाशाला काय दिसत नाही?

आत्याकडं परत जाऊ. ती दरवर्षी जायची ती एक उतरण पुढं साफ झाली. झाडं तुटली, सावली गेली, पालापाचोळा गेला. पाऊस तेवढाच, माती तीच, उंची तीच. अंदाज-नकाशा जुना असेल तर तो अजूनही तिथं गडद रंगच दाखवेल. पण शेवळं नाहीत. म्हणून नकाशा हा अंदाज आहे, पुरावा नाही. जाऊन बघावंच लागतं.

दुसरी गोष्ट. ठिपके बहुतेक रस्त्याकडेचे असतात, शहराजवळचे, नावाजलेल्या अभयारण्यांतले. जिथं कुणी गेलंच नाही तिथं ठिपका नाही. ठिपका नाही याचा अर्थ तिथं काही नाही असा होत नाही. पण साहेबाच्या टेबलावर तसा अर्थ लागू शकतो. "इथं विशेष काही नाही," असं म्हणून त्या जागेचा निकाल लागतो. मग ती तुमच्या देवराईमागची झाडी का असेना.

तिसरी गोष्ट, एकाच जिवाकडं बघून चालत नाही. मादागास्करच्या सरकारनं २००३ साली राखीव क्षेत्र तिप्पट करून साठ लाख हेक्टरांवर न्यायचं जाहीर केलं. कुठली जागा राखायची हे ठरवायला मदत म्हणून क्लेअर क्रेमेन आणि सहकाऱ्यांनी लेमूर नावाची माकडासारखी जनावरं, बेडूक, पाली, फुलपाखरं, मुंग्या आणि झाडं अशा २,३१५ जातींचे नकाशे एकत्र केले. हे काम २००८ साली प्रसिद्ध झालं. एकाच गटाकडं बघून जागा राखली तर बाकीच्यांची घरं सुटून जातात, हे त्यातून दिसलं. नुसता वाघ राखला म्हणून बेडूक आणि मुंगी आपोआप राखली जात नाही.

आणि चौथी, आपल्या जिव्हाळ्याची. नकाशात पाऊस असतो, उंची असते. पण सरपणाला जाणारी बाई नसते. जागा राखीव झाली की तिच्यावर बंधनं येतात. मादागास्करमध्ये जंगलालगतच्या शेतकरी कुटुंबांवरही ती आली. म्हणून नकाशा करताना आणि त्यावरून निर्णय घेताना गावातली माणसं तिथं असायला हवीत.

मग आपण काय करायचं?

आपल्या देशात २००२ साली जैवविविधता कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिच्यात किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. गावातली झाडं, प्राणी, बियाणी, औषधी यांची माहिती 'लोक जैवविविधता नोंदवही'त लिहायची असते. पुढच्या ग्रामसभेत उठून विचारा, "आपली समिती कुठं आहे? त्यात कोण बायका आहेत? नोंदवही आम्हाला दाखवा." नावं कागदावर आणि नोंदवही कपाटात, असं असेल तर तेही कळेल.

गटाची एक साधी वहीही सुरू करता येईल. काय दिसलं, कुठं दिसलं, कधी दिसलं आणि कुणी पाहिलं, एवढ्या चार गोष्टी लिहायच्या. पूर्वी दिसायचं आणि आता दिसत नाही, तेही लिहा. शाळेतल्या मुलीला सोबत घ्या, ती लिहील, तुम्ही सांगा. एक सावधगिरी मात्र हवी. धनेशाची ढोली नेमकी कुठली, दुर्मीळ औषधी नेमकी कुठं, हे परक्या माणसाला सांगत बसू नका. व्यापारीही विचारत येतात.

माझी आत्या आता नाही. तिला पंचवीस-तीस रानभाज्यांच्या जागा ठाऊक होत्या. आम्ही एकही लिहून ठेवली नाही. ती उतरण साफ झाली तेव्हा "इथं काय होतं?" असं कुणी विचारलं असतं, तरी दाखवायला आमच्याकडं कागद नव्हता.

तुमच्या घरात अशी आत्या असेल, सासू असेल, आजी असेल. या पावसाळ्यात तिच्याबरोबर रानात जा आणि वही घेऊन जा.