लोंगेवाला : ‘विमानं आली नसती तर’चा हिशेब

“भावा, विमानं आली नसती तर पाकिस्तानचे रणगाडे थेट जैसलमेरला!” पटावरच्या युद्धखेळाचा विषय निघाला की कोल्हापुरात हे वाक्य कुणीतरी टाकतंच. आदल्या दिवशी टीव्हीवर लोंगेवालाच्या लढाईवरचा ‘बॉर्डर’ सिनेमा लागून गेला असेल, तर हमखास. आम्ही काही मंडळी षटकोनी घरांच्या नकाशावर पुठ्ठ्याच्या सोंगट्या मांडून जर-तरच्या लढाया खेळतो. त्यात ‘लोंगेवाला, विमानांशिवाय’ हा डाव सगळ्यांच्या आवडीचा. पाकिस्तानची बाजू घेणारा नवखा गडी पहिल्याच चालीला रणगाड्यांच्या सगळ्या सोंगट्या पुढे ढकलतो आणि जिंकल्यासारखा हसतो. ऐकून ऐकून कान किटले आहेत, म्हणून एकदाच सविस्तर.

आधी जे घडलं ते. भारत-पाकिस्तान युद्धातली 4 डिसेंबर 1971 ची रात्र. राजस्थानच्या वाळवंटातल्या लोंगेवाला चौकीवर 23 पंजाब पलटणीची एक कंपनी, म्हणजे मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांचे सुमारे 120 जवान. समोर पाकिस्तानची ब्रिगेड, सोबत चाळीसच्या वर रणगाडे: चिनी बनावटीचे टी-59 आणि जुने शर्मन. मध्यरात्रीनंतर गोळाबारी सुरू झाली. जैसलमेरच्या तळावर हंटर विमानं उभी होती, पण अंधारात मारा करण्याची साधनं त्यांच्यात नव्हती. ती आली ती 5 डिसेंबरला उजाडल्यावर.

म्हणजे ‘विमानं आली नसती तर’ हा डाव त्या रात्री कित्येक तास प्रत्यक्षात खेळला गेला होता! आणि तेवढ्या वेळात रणगाड्यांना ती एक चौकी घेता आली नाही. चौकी उंचवट्यावर होती. जीपवरची 106 मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ रणगाडे जवळ येण्याची वाट बघत होती. पुढे काटेरी तारांचं कुंपण दिसल्यावर पाकिस्तानी तुकडी थबकली, कारण तारांपुढे सुरुंग पेरलेले असणार असा त्यांचा समज झाला. सुरुंग शोधणारी माणसं पुढे आणेपर्यंत वेळ गेला. सुरुंग नव्हतेच. रस्ता सोडून बगल देऊ पाहणारी वाहनं वाळूत रुतली. टी-59 चं वजन 36 टन, आणि भुसभुशीत वाळू काही वजन बघून वाट देत नाही.

आता मान्य करायचं ते मान्य करतो. विमानं आली नसती तर दिवसाउजेडी चौकी पडली असती, ही शक्यता मोठी होती. आमच्या पटावरही ती बऱ्याचदा पडते. रणगाड्यांचा खरा संहार हंटर विमानांनी केला, त्या श्रेयाला कुणी हात लावत नाही. पण चौकी पडणं वेगळं आणि जैसलमेर पडणं वेगळं. लोंगेवालाहून रामगडमार्गे जैसलमेर सुमारे 120 किलोमीटर, म्हणजे कोल्हापूरहून साताऱ्याइतकं. फरक एवढाच, की वाटेत पेट्रोल पंप नाहीत. रणगाड्याला डिझेल लागतं, तोफेला गोळे लागतात, माणसांना आणि इंजिनांना पाणी लागतं. हे सगळं ट्रकनं मागून यायचं, आणि तो ट्रक तर रणगाड्याच्या आधी रुततो. ज्या घरात फौजेतून निवृत्त झालेला ड्रायव्हर असेल, त्या घरी विचारा. आपल्या जिल्ह्यात अशी घरं शोधावी लागत नाहीत.

आमच्या डावात ताज्या दमाचा रणगाडा पक्क्या रस्त्यानं एका चालीत सहा घरं जातो आणि वाळूच्या टेकड्यांतून दोन. रसदेची सोंगटी पाच घरांपेक्षा मागे राहिली, की त्याला हल्ला करता येत नाही. नवखा गडी रसदेच्या सोंगट्या मागेच विसरतो. चौथ्या चालीला त्याचे रणगाडे चौकीच्या पुढे असतात आणि नुसते उभे असतात. समोरून भारताची ताजी कुमक येते. ती काही आम्ही कल्पनेनं घातलेली नाही. भारताची 12 वी इन्फंट्री डिव्हिजन त्याच भागात होती आणि तिला स्वतःलाच रहीम यार खानच्या दिशेनं चढाई करायची होती. प्रत्यक्षातही 20 लान्सर्सचे रणगाडे आणि 17 राजपुताना रायफल्स चौकीच्या मदतीला धावले.

हे भारतीयांचं कौतुकपुराण वाटत असेल, तर पाकिस्तानचाच कागद बघा. युद्धानंतर तिथं नेमलेल्या हमुदूर रहमान आयोगानं लोंगेवालावर चालून आलेल्या 18 व्या डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल मुस्तफा यांच्यावर खटला भरण्याची शिफारस केली. ठपका असा, की रामगड घेण्याची त्यांची योजना लष्करीदृष्ट्या कच्ची आणि घाईगर्दीत आखलेली होती, आणि त्यापायी वाळवंटात वाहनांचं आणि सामग्रीचं जबर नुकसान झालं. आयोग रामगडपाशीच थांबतो, आपले शिलेदार जैसलमेर गाठून मोकळे होतात!

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘लोंगेवालाला जवळजवळ सगळे जवान शहीद झाले.’ नाही. ते सिनेमात. प्रत्यक्षात भारताचे दोन जवान धारातीर्थी पडले. मेजर चांदपुरी महावीरचक्राचे मानकरी ठरले आणि 2018 पर्यंत हयात होते.

‘दुसऱ्या महायुद्धात इंधन मिळालं असतं तर जर्मन सेनापती रोमेल कैरोत पोचला असता.’ ‘मिळालं असतं’ म्हणजे कुठून? त्रिपोली बंदरापासून इजिप्तमधली एल अलामेनची आघाडी दोन हजार किलोमीटरच्या आसपास. इंधन वाहणारे ट्रकच वाटेत बरंचसं इंधन पिऊन टाकत. लष्करी इतिहासकार मार्टिन व्हान क्रेवेल्डनं 1977 च्या पुस्तकात हा हिशेब मांडलाय. 1964 साली निघालेल्या ‘आफ्रिका कोर’ या गाजलेल्या युद्धखेळातही रसदेची सोंगटी नसेल तर जर्मन खेळाडूला हल्लाच करता येत नाही.

‘फासे आले म्हणजे सगळा नशिबाचा खेळ.’ दोन फाशांवर 7 पडण्याच्या शक्यता 36 पैकी 6, आणि 2 पडण्याची एकच. चांगला खेळाडू 7 वर निभावेल अशी चाल रचतो. 2 ची वाट बघत बसणाऱ्याला जुगारी म्हणतात.

‘हा पोराटोरांचा खेळ.’ हे कोल्हापुरात ऐकलं की डोकं फिरतं. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात याच जिल्ह्यातले, वडगावचे. पूर्व विभागाचे प्रमुख असताना 17 मार्च 1960 रोजी लखनौला त्यांनी ‘लाल किल्ला’ नावाचा लष्करी सराव घेतला. चीननं हल्ला केला तर हाती असलेल्या फौजेनिशी नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, काय होईल, हे त्यात मांडून बघितलं. उत्तर वाईट आलं. 1962 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुष्कळसं तसंच घडलं. त्याआधी, 1959 मध्येच त्यांनी दिलेली संरक्षणाची योजना तेव्हाचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी मनावर घेतली नाही, असं थोरातांनी आत्मचरित्रात लिहिलंय.

‘म्हणजे हा खेळ भविष्य सांगतो तर!’ नाही हो. भविष्य सांगायला ज्योतिषी आहेत. पट फक्त एवढंच विचारतो, की तुमच्याकडे फौज किती, रस्ते कुठले आणि रसद कुठून येणार. त्याची उत्तरं प्रामाणिक असतील तर डाव कामाचा, नाहीतर करमणूक.

तेव्हा ‘अमुक झालं नसतं तर’ हे वाक्य जरूर बोला, त्याशिवाय आमचा खेळच बंद पडेल. फक्त बोलण्याआधी नकाशा उघडा, अंतर मोजा, आणि डिझेलचा ट्रक कुठल्या वाटेनं येणार ते दाखवा. तो दाखवता आला नाही, तर तुमचे रणगाडे रामगडलासुद्धा पोचत नाहीत.