रोटरी इंजिनातील हेडरचे अतितापन

रोटरी इंजिनातील हेडरचे अतितापन म्हणजे व्हँकेल पद्धतीच्या इंजिनातून जळके वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या (हेडर) प्रमाणाबाहेर तापून लाल होणे. हा दोष प्रामुख्याने माझदा आरएक्स-७ सारख्या जुन्या, कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये आढळतो. अतितापन हा स्वतंत्र बिघाड नसून लक्षण आहे. इंधन चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या जागी जळत असल्याचे ते द्योतक असते.

== पार्श्वभूमी ==

फेलिक्स व्हँकेल यांच्या कल्पनेवर आधारित पहिले इंजिन १९५७ मध्ये जर्मनीतील एनएसयू कंपनीत चालवले गेले. जपानच्या माझदा कंपनीने १९६७ मध्ये दोन रोटरची कॉस्मो स्पोर्ट आणि १९७८ मध्ये आरएक्स-७ बाजारात आणली. आरएक्स-७ च्या १२ए इंजिनात प्रत्येकी ५७३ घन सेंटिमीटरचे दोन कक्ष होते.

या इंजिनाचे हेडर मुळातच अधिक तापतात. ज्वलनकक्ष लांबट व चपटा असल्याने मिश्रण पूर्ण जळण्यास वेळ लागतो आणि निकासद्वार उघडल्यावरही काही ज्वलन चालूच राहते. शिवाय चार-स्ट्रोक इंजिनाच्या सिलिंडरमधून मुख्य दांड्याच्या दोन फेऱ्यांत एकदा जळके वायू बाहेर पडतात, तर रोटरमधून प्रत्येक फेरीला. त्यामुळे नळीला थंड होण्यास उसंत मिळत नाही.

== स्वाभाविक आणि सदोष ताप ==

सुमारे ५२५ अंश सेल्सिअसला तापलेली वस्तू अंधारात मंद लाल दिसू लागते. जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४७ मध्ये नोंदवलेल्या या तापमानास ‘ड्रेपर बिंदू’ म्हणतात. माणगावहून निजामपूरमार्गे ताम्हिणी घाट चढणारी गाडी खालच्या गिअरमध्ये दीर्घकाळ भार ओढते. असा चढ चढल्यावर रोटरी इंजिनाचे हेडर रात्री लालसर दिसले, तर त्यात वावगे नाही. मात्र गाडी उभी असताना, इंजिन निष्क्रिय गतीवर चालत असूनही नळ्या लाल होत असतील तर तो निश्चित दोष होय. उन्हात ही लाली दिसत नाही, म्हणून निरीक्षण काळोखात करावे. इन्फ्रारेड तापमापक चकचकीत पोलादाचे तापमान प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतो. नळीत बसवलेले तापयुग्म अधिक विश्वसनीय असते.

== कारणे व तपासणी ==

तपासणीचा आरंभ प्रज्वलनापासून करणे श्रेयस्कर. प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग असतात. ‘लीडिंग’ प्लग मुख्य ज्वलन घडवतो व ‘ट्रेलिंग’ त्याला साहाय्य करतो. लीडिंगची ठिणगी बंद पडली तरी इंजिन केवळ ट्रेलिंगवर चालत राहते. फक्त जोर कमी होतो आणि ज्वलन लांबून नळीपर्यंत पोहोचते. गाडी चालू असल्यामुळेच हा दोष अनेकदा दृष्टीआड राहतो आणि दोष कार्ब्युरेटरवर लादला जातो. वायरींची अदलाबदल आणि मागे सरकलेले टायमिंग यांचाही परिणाम असाच होतो.

त्यानंतर मिश्रण पाहावे. कार्ब्युरेटरखालील गॅस्केट किंवा चिरलेल्या रबरी नळ्यांतून हवा शिरली की मिश्रण विरळ होते, ठिणगी वाया जाते आणि न जळलेले इंधन हेडरमध्ये पेटते. गळती शोधण्यासाठी तापलेल्या हेडरजवळ ज्वालाग्राही फवारा मारणे धोक्याचे आहे. भाराखाली विरळ मिश्रणामुळे इंजिनात ठोके पडू लागल्यास रोटरच्या टोकांवरील एपेक्स सील तुटतात आणि इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. भारतात २०२३ पासून उपलब्ध झालेल्या वीस टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलचा येथे संबंध येतो. शुद्ध पेट्रोलच्या संपूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, तर या मिश्रणास सुमारे १३.५ पट. जुन्या कार्ब्युरेटरला हा फरक कळत नाही. जेट न बदलल्यास मिश्रण आपोआप विरळ पडते.

जुन्या माझदा गाड्यांत एअर पंप निकासद्वारात हवा सोडतो. प्रदूषण कमी करण्यासाठी उरलेले इंधन तेथेच जाळावे, हा त्यामागील हेतू. आरंभीच्या आरएक्स-७ मध्ये यासाठी ‘थर्मल रिअ‍ॅक्टर’ नावाचे जाड कवचाचे पात्र होते. ते काढून साधे हेडर बसवले पण पंपाची जोडणी तशीच ठेवली, किंवा हवा वळवणारी झडप अडकली, तर पातळ नळीच भट्टी बनते. पंपाची हवा तात्पुरती दुसरीकडे वळवून लाली कमी होते का, हे पाहिल्यास निदान लगेच होते.

घाट उतरताना पाय काढल्यावर सायलेन्सरमधून फटाके वाजणे हेही इंधन बाहेर जळत असल्याचे चिन्ह आहे. असे इंधन उत्प्रेरक परिवर्तकाची जाळी वितळवते. ती तुंबली की वायू मागे अडतात व ताप आणखी वाढतो.

== दुष्परिणाम ==

लगतच्या इंधननळ्या, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग यांना आगीचा धोका असतो. कोकणात दिवाळीनंतर वाळणाऱ्या गवतावर अशी गाडी उभी करणे विशेष घातक ठरते. साध्या पोलादाच्या नळ्यांवर पापुद्रे धरतात, वेल्ड तडकतात.

पुष्कळदा उपाय म्हणून नळ्यांभोवती उष्णतारोधक पट्टी गुंडाळली जाते. तिने बॉनेटखालील हवा थंड राहते. पण उष्णता कोंडून धातू अधिकच तापतो आणि लाली दिसेनाशी होते. शिवाय पावसाळ्यात पट्टी ओलावा धरून ठेवते व आतली नळी गंजते. अतितापनाचे कारण सापडून दूर होईपर्यंत ती न गुंडाळणेच योग्य. नंतरही रायगडसारख्या भरपूर पावसाच्या प्रदेशात पट्टीपेक्षा नळीपासून अंतर राखून बसवलेला पत्र्याचा आडोसा बरा.