बिनतारी (लेखांक ९) : खिशापासून कानापर्यंत

गेल्या आठवड्यात आपण घरातल्या वायफायच्या डबीपाशी थांबलो होतो. आज त्याहून लहान जाळं घेऊ. इतकं लहान, की त्यात एकच माणूस मावतो.

सुरुवात माझ्या इअरबड्सपासून. घरात या खोलीतून त्या खोलीत कितीही फिरलो तरी गाणं अखंड चालायचं. संध्याकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारायला लागलो की मात्र डावा कान अडखळायचा. फोन उजव्या खिशात, अंतर जेमतेम दीड हात. दुकानदार म्हणाला, “बॅटरी गेलीय काका, नवीनच घ्या.” बॅटरी ठणठणीत होती. मला कोडं वेगळंच पडलं होतं. भिंतींच्या आत सुरळीत आणि मोकळ्या मैदानात तुटक, हे उलटं कसं?

उजव्या खिशातून डाव्या कानापर्यंत सरळ रेघ ओढून बघा. ती पोटातून, छातीतून, मानेतून जाते. आणि माणूस म्हणजे बहुतेक पाणीच. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतं आणि तिथल्या लहरी पाण्यात मुरतात. मायक्रोवेव्हमधली आमटी गरम होते ती याच पट्ट्यात. (घाबरू नका. ओव्हन शेकडो वॅटचा, आपला फोन ब्लूटूथसाठी काही मिलिवॅट वापरतो.) या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे आपलं धड तिच्यासाठी चांगला जाडजूड अडसर. घरात लहर भिंतीवर, छतावर, कपाटावर आपटते आणि वळसा घालून कानापर्यंत पोचते. मैदानात आपटायला आजूबाजूला काहीच नाही. ज्या भिंतींना मी अडथळा समजत होतो, त्याच माझं गाणं पोचवत होत्या.

गंमत अशी, की हे जाळं पहिल्यांदा मांडलं गेलं तेव्हा शरीर अडसर नव्हतं, तेच तार होतं. थॉमस झिमरमन हा एमआयटीच्या मीडिया लॅबमधला विद्यार्थी. बोटांच्या हालचाली संगणकाला कळवणारा हातमोजा त्याने आधीच बनवला होता. ‘पर्सनल एरिया नेटवर्क’ या नावाने त्याने १९९५-९६ च्या सुमारास जे मांडलं त्यात अंगावरच्या यंत्रांनी एकमेकांशी बोलायचं ते माणसाच्या शरीरातूनच, अगदी नगण्य विद्युतप्रवाहाने. त्याच्या नमुन्याची कल्पना सोपी होती: दोघांनी हस्तांदोलन केलं की एकाचं व्हिजिटिंग कार्ड दुसऱ्याच्या यंत्रात. वेग सेकंदाला २४०० बिट. आजच्या हिशेबाने मुंगीची चाल, पण नाव-पत्ता-फोन नंबराला पुरेशी. त्यात एक शहाणपण होतं. हा संकेत अंगापासून जरा दूर गेला की झपाट्याने विरतो, त्यामुळे शेजारच्याला चोरून ऐकणं अवघड. मला अजूनही वाटतं, कल्पना म्हणून ब्लूटूथपेक्षा हीच देखणी होती.

जिंकलं मात्र ब्लूटूथ. स्वीडनमधल्या लुंड शहरात एरिक्सन कंपनीने १९९४ मध्ये त्यावर काम सुरू केलं, याप हार्टसेन या डच अभियंत्याच्या हाताखाली. हेतू अगदी घरगुती: फोनला लटकणारी वायर काढून टाकायची. नाव दहाव्या शतकातल्या एका डॅनिश राजाचं. ते तात्पुरतं म्हणून ठेवलं होतं, चिकटलं.

या जाळ्याला पिकोनेट म्हणतात. मध्ये एक मुकादम, बहुधा तुमचा फोन, आणि त्याच्या हाताखाली एका वेळी जास्तीत जास्त सात बोलकी यंत्रं: इअरबड, घड्याळ, कीबोर्ड, गाडीतला स्पीकर. मुकादमाने विचारल्याशिवाय कुणी बोलायचं नाही. बोलायची पाळी ६२५ मायक्रोसेकंदांची, म्हणजे सेकंदाला १६०० पाळ्या.

आता हे सकाळच्या विरार लोकलमध्ये नेऊन बघा. एका डब्यात शेकडो कान, शेकडो मुकादम, आणि सगळे एकाच पट्ट्यात. आपल्याकडे २००५ पासून हा पट्टा कमी ताकदीच्या यंत्रांना परवान्याशिवाय खुला आहे, म्हणजे सार्वजनिक नळच. तरी तुमच्या कानात शेजाऱ्याचं भजन का वाजत नाही? एक कारण जोडणीच्या वेळचं. पहिल्यांदा ‘पेअर’ करताना दोन्ही यंत्रं एक गुप्त किल्ली ठरवून जपून ठेवतात. नंतरचं बोलणं तिच्या कुलुपात. दुसरं कारण उड्यांचं. जुन्या ब्लूटूथने हा पट्टा ७९ वाटांत वाटला आहे. प्रत्येक पिकोनेट दर पाळीला वाट बदलतं, आणि कुठल्या वाटेवर कधी उडी मारायची हे त्याच्या मुकादमाच्या पत्त्यावरून आणि घड्याळावरून ठरतं. तुमचा क्रम वेगळा, खिडकीजवळच्या काकूंचा वेगळा. अधूनमधून दोघांची एकाच वाटेवर टक्कर होते. मग हरवलेला तुकडा पुढच्या पाळीत पुन्हा पाठवला जातो, आणि इअरबडने थोडं गाणं आधीच साठवून ठेवलेलं असल्यामुळे तुम्हाला पत्ताही लागत नाही. २००३ च्या सुधारणेनंतर तर ज्या वाटांवर वायफायची वर्दळ, त्या ब्लूटूथ स्वतःहून गाळतं. डब्यातली माणसं दारात जशी अंग चोरून उभी राहतात तसंच.

फोन यायला लागला की गाण्याचा आवाज एकदम पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो, ती इअरबडची खोड नव्हे. गाणं एका बाजूने जातं. बोलताना माइकचा आवाज उलटही पाठवावा लागतो. जुन्या पद्धतीत त्यासाठी वेगळी, अरुंद वाट आहे, आणि तिच्यात तानपुरा मावत नाही.

माझ्या डाव्या कानाचं काय? सध्या फोन शर्टाच्या वरच्या खिशात असतो, दोन्ही कानांच्या नजरेसमोर. परवाच्या पाच फेऱ्यांत गाणं एकदाच तुटलं, ओळखीचे गृहस्थ भेटले आणि मी बोलता बोलता खिशावर हात ठेवला तेव्हा.

(पुढच्या आठवड्यात : नुसतं टेकवलं की पैसे देणारं कार्ड)