गाडी आदळते ती कशाने?

आमच्या गटाची जुनी बोलेरो देवरूखहून साखरप्याला जाताना खड्ड्याखड्ड्यात आदळायला लागली. एका वहिनीला सातवा महिना. तिने बसायलाच नकार दिला. गॅरेजवाला म्हणाला, चारही शॉकअप बदला.

आम्ही आधी टायरची हवा मोजली. गाडीच्या पुस्तकात दिलीय त्यापेक्षा बरीच जास्त! हवा जास्त झाली की टायर दबत नाही, दणका थेट कमरेला. मोजायची ती टायर थंड असताना, घाट चढून आल्या आल्या नाही.

हवा कमी केली तरी मागची बाजू डुलतच होती. मग एकेक कोपरा जोराने दाबून सोडला. वर येऊन थांबला तर शॉकअप ठीक, झुलत राहिला तर संपला. मागचा डावा झुलला, त्यावर तेलही ओघळलेलं. मागची जोडी बदलली. पुढच्यांचे पैसे वाचले. पाट्याचं पान तुटलंय का, बुशचं रबर चिरलंय का, तेही वाकून बघा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र शिरू नका.

गणपतीत चाकरमानी आणतात त्या काही महागड्या गाड्यांना पाट्यांऐवजी हवेच्या रबरी पिशव्या असतात. रात्री सरळ उभी असलेली गाडी सकाळी एका अंगाला बसलेली दिसली, तर बहुधा पिशवी गळतेय.