पावसाळ्यातला खंड आणि धावपटूचे शरीर

जून उजाडला की घोटी परिसरातील शाळांची मैदाने चिखलाने भरतात. इगतपुरीला वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. धावण्याचा सराव थांबतो. त्यातच घरोघरी भाताची आवणी सुरू होते. शालेय स्पर्धा मात्र पावसाळ्याच्या अखेरीस किंवा त्यानंतर लगेच येतात. मग पाऊस जरा उघडला की पंधरा दिवसांत मुलांना तयार करण्याची घाई होते. याच सुमारास नडगी दुखते म्हणून लंगडणारी मुले दिसू लागतात. असे का होते?

नियमित धावणाऱ्याच्या रक्तातील द्रव वाढलेला असतो. त्यामुळे हृदय एका ठोक्यात अधिक रक्त बाहेर टाकते. सराव थांबताच हा जादा द्रव काही दिवसांतच घटू लागतो. दोन-तीन आठवड्यांत ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. स्नायूंची ताकद मात्र महिनाभर तरी बरीचशी टिकते.

सराव पुन्हा सुरू केला की रक्त आणि हृदय काही आठवड्यांत सावरतात. हाडांचे तसे नाही. ताण पडला की हाडाचा जुना भाग आधी विरघळवला जातो आणि मग तेथे नवा भरला जातो. या फेऱ्याला तीन-चार महिने लागतात. मधल्या काळात ते हाड थोडे नाजूकच असते. म्हणजे मुलाचा दम पुरतो, पण हाड पुरत नाही. नडगीच्या दुखण्याचे मूळ बहुधा येथे असते.

दुसरी अडचण हवेची. एक लिटर घामाची वाफ होताना शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. दमट हवेत घाम नुसताच निथळतो, वाफ होत नाही आणि शरीर तापत राहते. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरचे ऊन येते. उन्हाची सवय व्हायला साधारण ७ ते १४ दिवस लागतात. त्यानंतर घाम लवकर सुटतो आणि त्यातले मीठही कमी होते.

मनाचे काय? वर्षभर एकाच तीव्रतेचा सराव कोणालाच झेपत नाही. झोप बिघडते, चिडचिड होते, मैदान नकोसे वाटते. म्हणूनच सोव्हिएत संघातील लेव्ह मात्वेयेव यांनी १९६०च्या दशकात वर्षाचे पायाभरणी, स्पर्धा आणि विश्रांती असे टप्पे पाडण्याची पद्धत मांडली. एका शर्यतीवरून खेळाडूची पारख करणेही धोक्याचे. आपल्याच जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी ऑक्टोबर २०१०मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्यपदक ३३ मिनिटे ५ सेकंदांत मिळवले. दीड महिन्याने ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी तेच अंतर ३१ मिनिटे ५१ सेकंदांत कापून रौप्यपदक मिळवले. दीड महिन्यात कोणाची क्षमता एवढी बदलत नाही. हवा, प्रतिस्पर्धी आणि शर्यतीचा वेग बदलतो. मग तालुक्याच्या एका शर्यतीत मागे पडलेल्या मुलीने ‘आपल्याला जमणार नाही’ असे का ठरवावे?

घोटीसारख्या गावी उपाय साधा आहे. पावसाळ्यात सराव कमी करावा, पण बंद करू नये. आठवड्यातून तीन दिवस व्हरांड्यात दोरीवरच्या उड्या, बैठका, पायऱ्या चढणे असा थोडा वेळ पण दमवणारा व्यायाम घेतला तर कमावलेला दम बराच टिकतो आणि हाडांनाही ताणाची सवय राहते. जी मुले दिवसभर वाकून आवणी करून आली आहेत, त्यांच्या पाठीने आणि मांड्यांनी त्या दिवसाचे श्रम केलेलेच आहेत. त्यांना विश्रांती द्यावी. उघडीप मिळाल्यावर डांबरी रस्त्याऐवजी मातीवर धावावे आणि अंतर आठवड्या-आठवड्याने वाढवावे.

विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग करून घ्या. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातच, प्रत्येकाने मनगटावरची नाडी मिनिटभर मोजून वहीत नोंदवावी. जून ते ऑक्टोबरचा आलेख काढावा. आकडा नेहमीपेक्षा ८-१० ठोक्यांनी वाढलेला दिसला तर शरीर अजून थकलेले असण्याची किंवा ताप येऊ घातल्याची शक्यता असते. त्या दिवशी सराव हलका ठेवावा. सरावाचे वेळापत्रक शिक्षक ठरवतील, पण ते पेलते की नाही हे शरीरालाच विचारावे लागते.